नत्र नसलेलं खत

परंदवडीत राहणाऱ्या माणसाला खताच्या बाबतीत कुणी टोपी घालावी, हे अजून पचत नाही. इथे पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्या पोरांना गुलाबाला कधी काय आणि किती सोडायचं हे तोंडपाठ असतं. त्याच गावातल्या माझ्या तीन फुटी टाकीसाठी शहरातल्या एका अ‍ॅक्वेरियमवाल्याने ‘कम्प्लीट प्लांट फूड’ म्हणून जी बाटली दिली, तिच्यात नत्रच नव्हतं.

झाडांची खालची पानं पिवळी पडायला लागली. दुकानदार म्हणाला, “साहेब, डोस डबल करा.” केला. पानं पिवळीच, वर काचेवर शेवाळ. मग म्हणे लाइट कमी, मग म्हणे तुमचं बोअरचं पाणी खराब. शेवटी शेवाळावर म्हणून ग्लुटराल्डिहाइडचं द्रावण गळ्यात मारलं. त्याने वॅलिस्नेरिया अक्षरशः विरघळली. हे त्या झाडाला सोसत नाही, ही माहिती टाक्या विकणाऱ्याला नसावी? फोन केला तर उत्तर आलं, “सगळ्यांना रिझल्ट येतो, तुम्हालाच कसा नाही?” हे वाक्य अजून डोक्यात आहे.

खरं काय ते उलगडलं शेजारच्या पॉलिहाऊसवाल्यामुळे. टाकीपुढे वाकून त्याने दोन क्षण पाहिलं आणि म्हणाला, “दादा, खालची पानं पिवळी, शेंडा हिरवा. नत्र कमी पडतंय याला. काय देताय?” मी बाटली पुढे केली. त्याने ती उलटी धरली आणि मागच्या बाजूला तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांतली ओळ वाचून दाखवली: नायट्रेट आणि फॉस्फेटविरहित. पोटॅशियम, लोह आणि चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्यं, बस्स. मासे भरपूर आणि झाडं मोजकी असतील तिथे हे चालतं, कारण माशांच्या विष्ठेतून नत्र मिळतं. माझ्याकडे दाट झाडी आणि मूठभर टेट्रा. दुकानदाराने एकदाही विचारलं नव्हतं की मासे किती.

तेव्हा आधी झाड वाचा. जुनी पानं पिवळी म्हणजे बहुधा नत्र, जुन्या पानांना बारीक भोकं म्हणजे पालाश, नवा शेंडा फिकट आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह.

नत्रासाठी मी आता कृषी सेवा केंद्रातलं 13:0:45 वापरतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. स्फुरदासाठी 0:52:34. 13:0:45 चे 50 ग्रॅम अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवले की 10 मिलीत 1 ग्रॅम येतं, आणि 100 लिटर पाण्यात त्याने नायट्रेट साधारण 6 पीपीएम वाढतं. 0:52:34 वेगळ्या बाटलीत, फक्त 5 ग्रॅम. त्याचे 10 मिली म्हणजे 0.7 पीपीएम फॉस्फेट. सीओटू नसलेल्या टाकीला हे आठवड्यातून एकदा बास. सीओटू आणि कडक लाइट असेल तर तीनदा. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं, तर झाडांनी काहीही घेतलं नाही तरी साठा आठवड्याच्या डोसच्या दुपटीपलीकडे जात नाही. लिटर मोजताना माती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा करा. माझी 3 × सव्वा × सव्वा फुटांची टाकी हिशेबाने 133 लिटरची, पाणी जेमतेम 100.

लोह वेगळ्या दिवशी द्या, फॉस्फेटशी गाठ पडली की साका बसतो. पॉलिहाऊसमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ टाक्या वेगळ्या ठेवतात, त्या कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट एकत्र येऊ नयेत म्हणून, तत्त्व तेच. बोअरच्या पाण्याचा पीएच सातच्या वर असेल तर ईडीटीएचं लोह फार टिकत नाही, डीटीपीएचं मागा.

आणि कुणी मायेने 19:19:19 ची पुडी हातावर ठेवली तर हात जोडा. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं, थोडं अमोनियाचं. गुलाबाला ते मानवतं. टाकीत युरियाचा अमोनिया होतो आणि पीएच जितका चढा तितका तो माशांना जास्त जाचतो. फवारणीचं ग्रेड-2 मायक्रोन्यूट्रियंटही नको. त्यात जस्त लोहापेक्षा जास्त आणि तांबंही चांगलंच. झिंगे पाळत असाल तर तो मामला तिथेच संपेल.

बाकी नेहमीचंच: लाइट सहा ते आठ तास, पिकलेली पानं काढा, धीर धरा.

शेतीच्या खताच्या पिशवीवर घटकांची टक्केवारी छापणं 1985 च्या खत नियंत्रण आदेशाने बंधनकारक आहे. अ‍ॅक्वेरियमच्या बाटलीवर ती दिसली नाही, तर दुकानदाराला तिथेच विचारा आणि तो ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तर बाटली परत ठेवा. माझ्या मापाने, आठवड्याला 1 ग्रॅम, 13:0:45 ची किलोची पिशवी एकोणीस वर्षं पुरते. ती बाटली महिन्याभरात संपायची.