उरलेली रजा आणि खाडीपलीकडचा किनारा

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की अनेक कार्यालयांत एकच हिशेब सुरू होतो. किरकोळ रजेचे चार दिवस शिल्लक आहेत आणि 31 तारखेला ते बुडणार आहेत. अर्जित रजा पुढच्या वर्षात नेता येते, काही ठिकाणी तिचे पैसेही मिळतात. किरकोळ रजा मात्र वर्षाबरोबर संपते. मग घाईने गोव्याच्या विमानाचे भाडे पाहिले जाते, तिथून नजर मालवणकडे वळते, कोकणकन्येची लांबलचक प्रतीक्षा यादी दिसते आणि समुद्राचा बेत तिथेच मोडतो. चार दिवस घरच्या कामांत जातात.

बेत मोडायचे काही कारण नसते. ऐन वेळी निघणाऱ्याने दोनच गोष्टी बदलायच्या असतात: वार आणि गाव. शनिवार-रविवारला जोडून रजा घेण्याची सवय सोडून सोमवार ते गुरुवार असे दिवस मागावेत. आणि हमरस्ता ज्या गावापर्यंत सरळ नेऊन सोडतो, तिथे न थांबता एखादी खाडी ओलांडून पलीकडे जावे. किनाऱ्यावरच्या खोल्या शुक्रवारी संध्याकाळी भरतात आणि रविवारी दुपारी रिकाम्या होतात. रविवारी रात्री घर सोडणारा माणूस या सगळ्या गर्दीच्या उलट दिशेने जात असतो. त्याला खोलीही मिळते आणि घरमालकाला बोलायला वेळही असतो. शाळांची नाताळची सुट्टी लागली की मात्र वार बदलून उपयोग होत नाही, तेव्हा वार कुठलाही असो, गर्दी सारखीच. म्हणून डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा हाच खरा मोका.

अशा चार दिवसांसाठी दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांचा किनारा फार सोयीचा आहे. मालवण-तारकर्ली सुंदर आहे यात वाद नाही; पण मुंबई-पुण्याहून तिथे जाण्या-येण्यातच दोन रात्री आणि बरेच त्राण खर्च होतात, आणि मुख्य मदार रेल्वेच्या आरक्षणावर राहते. सध्या हे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. तात्काळचा मार्ग उरतो. गाडी मूळ स्थानकातून सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांचे तात्काळ सकाळी 10 वाजता आणि बिनवातानुकूलितचे 11 वाजता उघडते. पक्के झालेले तात्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा रजेवर साहेबांची सही झाल्यावरच ते काढावे. दापोलीला यातले काहीच लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून रात्री निघून सकाळी पोहोचवणाऱ्या एसटी आहेत. रेल्वेनेच यायचे तर खेड स्थानकावर उतरून तासाभरात दापोली गाठता येते.

एसटीने फिरणाऱ्यांनी ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास जरूर विचारावा. तो चार आणि सात दिवसांचा मिळतो, म्हणजे चार दिवसांच्या रजेला अगदी मापाचा. महिलांना मार्च 2023 पासून एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. त्यामुळे आजीला सोबत न्यायचे असेल तर तिकीट आडवे येत नाही. फक्त गावातल्या पाखाड्यांच्या पायऱ्या तिला झेपतील का, हे आधी पाहावे.

खोली पक्की करण्याआधी एक काम करावे. घरातले पंचांग किंवा दिनदर्शिका उघडून त्या चार दिवसांच्या तिथी पाहाव्यात. शहरातून येणारा माणूस हवामान पाहतो, हॉटेलचे फोटो पाहतो. समुद्र त्या दिवशी कधी पुढे येणार आणि कधी मागे जाणार, हे पाहत नाही. किनाऱ्यावरचा सगळा दिवस तर त्यावरच ठरतो. कोकणात यासाठी जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पंधरवडा कोणताही असो, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने सुरू होते. भरती दिवसातून दोनदा येते, आणि तिच्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पाणी पुरते मागे जाते. त्याला किनाऱ्यावरचे लोक सुकती म्हणतात. जागेनुसार यात अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढे पुरते.

आता या हिशेबाचा उपयोग पाहा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप वर चढते आणि खूप आत जाते. भरती दुपारच्या आत येऊन जाते, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी रुंद, घट्ट, चालायला सोपी वाळू मिळते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाण्याची चढउतार कमी, आणि सुकती नेमकी भर दुपारच्या उन्हात. चालण्याची हौस असलेल्यांनी उधाणाचे दिवस धरावेत. मार्गशीर्षातली पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती, बहुतेक वर्षी डिसेंबरात येते आणि तिच्या पुढचे-मागचे दिवस या बेताला उत्तम. एक आठवण मात्र ठेवावी: मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेक घरी मासळी शिजत नाही. ती खायची असेल तर बुधवारपर्यंत खाऊन घ्यावी.

सोमवारी सकाळी दापोलीत उतरल्यावर गावात फार न रेंगाळता मुरुड, हर्णै किंवा आंजर्ले यांपैकी एक ठिकाण धरावे. तिन्ही एकमेकांच्या शेजारी आहेत. मुरुड हे महर्षी कर्व्यांचे गाव. परीक्षेला बसण्यासाठी मुलगा असताना ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नव्हते. गावाचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना माड-पोफळीच्या आगरात दडलेली घरे आणि प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी आलेला समुद्र, अशी त्याची रचना आजही कळते. मोठ्या रिसॉर्टऐवजी अशा आगरातल्या घरगुती निवासात राहावे. आदल्या दिवशी फोन केला तरी आठवड्याच्या मधल्या वारी जागा मिळण्याची शक्यता चांगली असते. जेवायला किती माणसे आणि काय, हे सकाळीच सांगावे. इथे भाजी आणि मासळी मागणीनुसार आणली जाते. रात्री आठ वाजता ऐन वेळी पाट मांडून मिळत नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे.

संध्याकाळ हर्णैच्या बंदरावर घालवावी. होड्या मासळी घेऊन परततात, किनाऱ्यावरच ढीग लागतात आणि लिलाव पुकारला जातो. ही व्यापाऱ्यांची घाईची वेळ असते, त्यामुळे त्यांच्या मध्ये उभे राहून फोटो काढू नयेत. बाजूला बसलेल्या कोळणींकडे घरापुरता वाटा मिळतो. मासळीचे कल्ले लाल आणि डोळे चकचकीत असले की घ्यावी, आणि मुक्कामाच्या घरी शिजवून देणार का हे आधीच विचारलेले असावे.

मंगळवार सुवर्णदुर्गाचा. हर्णैसमोर पाण्यात उभा असलेला हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा आधार होता. 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी हातमिळवणी करून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. मराठी आरमाराच्या इतिहासातला हा दुखरा प्रसंग आहे, आणि तटाखाली होडी आली की तो आठवतोच. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात सुवर्णदुर्ग आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी इथली वर्दळ वाढणारच. सकाळी वारा कमी असताना होडी ठरवावी, जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधी बोलून घ्यावेत, जीवरक्षक जाकीट अंगात चढवल्याशिवाय होडीत बसू नये. उतरताना पाण्यात पाय घालावा लागू शकतो, म्हणून बुटांऐवजी पट्ट्यांच्या चपला बऱ्या. दरवाजाच्या पायरीवरचे कासव आणि भिंतीवरचा मारुती पाहायला विसरू नये. आत दुकान नाही, पाणी सोबत न्यावे. दुपारनंतर आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जावे. देवळाच्या आवारातून दिसणारा सुवर्णदुर्ग सकाळी पाहिलेल्या किल्ल्यापेक्षा निराळाच भासतो.

बुधवारी या बेतातला सर्वात आनंदाचा टप्पा येतो, तो म्हणजे खाडी ओलांडणे. दापोलीहून लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी किनाऱ्याकिनाऱ्याने वाट दाभोळला उतरते. समोर वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे. पूर्वी इथे गाडी घेऊन पलीकडे जायचे तर चिपळूणला मोठा वळसा पडे. 2003 पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू आहे. मोटार, दुचाकी, पायी माणसे, सगळे एकाच तराफ्यासारख्या बोटीवर चढतात आणि थोड्याच वेळात दुसऱ्या तालुक्यात उतरतात. हीच सोय वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा आणि जयगड-तवसाळ इथेही आहे. ऐन वेळच्या भटक्यासाठी या बोटींना फार मोल आहे, कारण आधी आरक्षण करावे लागत नाही आणि एखादे गाव भरलेले निघाले तर पुढचे गाव हाताशी येते. दाभोळमध्ये तासभर काढून भुयारातली चंडिकादेवी आणि पाण्याकाठची जुनी मशीद पाहावी. आदिलशाहीच्या काळी हे किती मोठे बंदर होते, याची खूण ती मशीद अजून सांभाळून आहे.

गुहागरचा किनारा लांब आणि सरळसोट आहे. संध्याकाळच्या सुकतीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे ओल्या वाळूवर उतरलेले असतात. त्यांच्यात धावत जाऊन ते उडवू नयेत, दूरवरचा प्रवास करून ते इथे विसाव्याला आलेले असतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. मोटार वाळूवर नेऊ नये. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू चाकाखाली भुसभुशीत होते, आणि सुटकेची धडपड चालू असताना भरती येते. अशी बुडालेली गाडी ओढून काढण्याचे काम अखेर गावकऱ्यांवर पडते. पोहण्याचेही तसेच. पाणी मागे जात असताना खोल शिरू नये, आणि उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला जागा विचारावी. तो ‘इथे नको’ म्हणाला तर कारण न विचारता ऐकावे.

गुरुवारी वेळणेश्वर करून हेदवी. दशभुज गणपतीचे देऊळ बहुतेक जण पाहतात आणि परततात. समुद्राकडेच्या उमामहेश्वराच्या देवळामागे खडकात एक अरुंद फट आहे, बामणघळ. सुकतीला आलेल्याला तिथे कोरडा खडक दिसतो आणि हेच का ते, असे वाटते. भरतीला मात्र लाट त्या फटीत कोंडते आणि पाण्याचा स्तंभ आवाज करत वर उसळतो. पंचांगातला तिथीचा हिशेब इथे पुरेपूर वसूल होतो: उधाणाच्या दिवशी अकराच्या आधी पोहोचावे, शेवाळलेल्या कडेपासून लांब उभे राहावे आणि तासभर नुसते पाहावे.

ज्यांची रजा 31 मार्चला बुडते, त्यांनी हाच बेत उत्तरेकडे सरकवून मंडणगड तालुक्यातले वेळास जोडावे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले साधारण फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत समुद्रात सोडली जातात, सकाळी आणि संध्याकाळी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये इथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावाने ते आपले मानले. राहणे-जेवणे गावकऱ्यांच्या घरीच होते. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. डिसेंबरात मात्र पिल्लांच्या आशेने वेळासला जाऊ नये.

सामान थोडेच लागते. रोख पैसे, कारण खाडीकाठच्या गावांत मोबाइलचे जाळे केव्हाही दगा देते. विजेरी, नेहमीची औषधे, उन्हाची टोपी, आणि पहाटेसाठी एक पातळ स्वेटर, कारण दापोली पठारावर आहे आणि डिसेंबरात तिथे गारठा असतो. स्वतःची गाडी असेल तर इंधन दापोलीत आणि गुहागरात भरून घ्यावे.

परतीला दोन वाटा आहेत. हेदवीहून गुहागरमार्गे चिपळूण गाठले तर स्थानकावर मुंबईकडची गाडी मिळते. आरक्षण नसेल तर तक्ता लागल्यानंतर उरलेल्या जागांचे करंट तिकीट विचारून पाहावे, मधल्या वारी ते कधी कधी मिळून जाते. ज्यांच्या अंगात अजून दम आहे त्यांनी तवसाळला जाऊन शास्त्री नदीची खाडी ओलांडावी, जयगडला उतरून गणपतीपुळे करावे आणि रत्नागिरीहून रात्रीची गाडी किंवा एसटी धरावी. त्यासाठी तवसाळहून सुटणाऱ्या शेवटच्या फेरीची वेळ बुधवारीच गुहागरात विचारून ठेवावी आणि जेटीवर अर्धा तास आधी पोहोचावे.