वहीतले देणे आणि मनातले देणे

आपल्या मुळशीत पाऊस फार. खाचरे भरली की भाताच्या लावणीची घाई होते. एकट्या घराला ती उरकत नाही. मग सावड होते. आज सारे तुमच्या खाचरात, उद्या सारे आमच्या खाचरात. मजुरी कोणी मागत नाही. वहीत कोणी लिहीत नाही. तरी कोण किती दिवस आला, हे प्रत्येकाला ठाऊक असते. आजारी माणसाची लावणी गाव करतो. तो बरा झाला की आपण होऊन दुसऱ्याच्या बांधावर उभा राहतो. “तुमचं देणं हाय माझ्यावर,” असे म्हणतो.

हे न लिहिलेले देणे. दुसरे देणे वहीतले. त्याची एक गोष्ट आपल्याच मुलखात घडली.

शंभर वर्षांपूर्वी नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात भिरा येथे सोडायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, असा बेत होता. त्यासाठी मावळ्यांची शेते आणि गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकरी कामावर जाऊन बसले. बायाही मागे राहिल्या नाहीत. हाच मुळशी सत्याग्रह.

पुष्कळ जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. कसणारा एक, कागदावर नाव दुसऱ्याचे. सावकारांना भरपाईचा पैसा दिसला. त्यांचे मन धरणाकडे वळले. कसणाऱ्याच्या घामाची नोंद कोणत्या वहीत असणार?

आता दुसरी बाजू पाहा. पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. मुळशीत त्यांची शेती बुडत नव्हती. तरी ते या लढ्यात पडले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. त्यांच्यावर मुळशीचे कोणते कर्ज होते? कागदावर एक पैसाही नाही. पण शेतकऱ्याचे अन्न खाल्ले, त्याचे आपण देणे लागतो, एवढे कळायला कागद लागत नाही.

१९२४ अखेर सत्याग्रह थांबला. धरण झाले. गावे बुडाली. वीज मुंबईला गेली. गिरण्या चालल्या, घरे उजळली. दिवा लावणाऱ्याने एकदा तरी विचारावे: या उजेडासाठी कोणाचे घर अंधारात गेले?

मंडळी, आता आपल्याला वाचता येते. सातबारा वाचा. अंगठा उठवण्याआधी, सही करण्याआधी कागद वाचा. वहीतले देणे चोख फेडा, आणि आपले घेणेही चोख मागा. पण वही वाचता आली म्हणून मनातले देणे पुसू नका. सावड मोडली, तर पैसे देऊनही वेळेला माणूस मिळत नाही.

सांगा पाहू
१. सावड म्हणजे काय? तुमच्या गावात ती अजून होते का?
२. जमीन कसणारा कागदावर नसला तर काय होते?
३. तुमच्यावर कोणाचे न लिहिलेले देणे आहे? ते कसे फेडाल? दोन ओळी लिहा.