प्लेअरमधील गाणी जपताना घ्यावयाची काळजी



वामनदादा कर्डक (१९२२-२००४), प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांची गाणी पूर्वी कॅसेटवर घरोघरी ऐकली जात. पुढे अनेकांनी ती संगणकावर घेऊन खिशातल्या प्लेअरमध्ये भरली. कॅसेटची फीत खराब झाली, संगणक भंगारात गेला. जालना, अंबड, भोकरदनच्या एखाद्या वस्तीतील गायन पार्टीचे जयंतीतील ध्वनिमुद्रण असेल, तर ते बाजारात विकत मिळत नाही. अशा वेळी तो जुना प्लेअर हीच एकमेव प्रत असते.

आयपॉड हा प्लेअर २००१ साली निघाला व २०२२ साली बंद झाला. त्याची रचना अशी की, संगणकावरून गाणी आत जातात, पण त्याच सॉफ्टवेअरने ती सहजासहजी बाहेर येत नाहीत. नव्या संगणकाला जोडल्यास आतील गाणी पुसून नवी भरावीत काय, असा प्रश्न पडद्यावर येतो. न वाचता 'होय' म्हटले की सारा संग्रह जातो.

म्हणून लोक इतरांनी बनविलेले 'फुकट' सॉफ्टवेअर शोधतात. त्यांतील काही प्रामाणिक असतात. परंतु धोके ओळखले पाहिजेत :

१) अनोळखी ठिकाणाहून उतरविलेल्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येऊ शकतो. कुलूप तोडलेली चोरटी प्रत तर अधिकच घातक.
२) काही सॉफ्टवेअर थोडीच गाणी काढून देते व उरलेल्यांसाठी पैसे मागते.
३) प्लेअरमधील गाण्यांची यादी बिघडली, तर गाणी आत असूनही दिसत नाहीत.
४) खात्याचा पासवर्ड मागणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मुळीच देऊ नये.

सोपा उपाय असा : बरेच जुने आयपॉड संगणकाला पेन ड्राइव्हसारखे जोडता येतात. लपविलेले फोल्डर दाखविण्याची सोय चालू केली की 'म्युझिक' नावाचे फोल्डर सापडते. ते पूर्ण कॉपी करावे. फाइलींची नावे चार अक्षरी व निरर्थक दिसतील, पण घाबरू नये. गाणे व गायक यांची नावे भरलेली असल्यास ती फाइलच्या आतच असतात. साधा एमपीथ्री प्लेअर किंवा मेमरी कार्ड असेल, तर वेगळ्या सॉफ्टवेअरची गरजच नाही.

कॉपी झाल्यावर चार गाणी वाजवून पाहावीत, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. मगच प्लेअरला हात लावावा.

कायद्याचेही भान हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने खाजगी वापरास काही सवलत दिली आहे. परंतु प्रती काढून विकणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गायक-कवींच्या कष्टाचा मान राखणे हे आपले कर्तव्यच आहे.

घरातील जुना प्लेअर शोधा. आधी प्रत, मग प्रयोग, हा नियम मुलांनाही शिकवा.