शरीराचे व्यंग आणि समाजाची दृष्टी

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील गोष्ट आहे. स्नेहसंमेलनाच्या नाटकात खलनायकाची भूमिका मी पोलिओने पाय अधू झालेल्या एका विद्यार्थ्याला दिली. "तुला वेगळा अभिनय करावा लागणार नाही," असे हसत म्हणालोही. तालीम संपल्यावर त्याने विचारले, "सर, लंगडा माणूस गोष्टीत वाईटच का असतो?" मी निरुत्तर झालो. इतिहासाच्या शिक्षकाने जे उत्तर तेव्हाच द्यायला हवे होते, ते आज येथे मांडतो.

प्रथम कथा पाहू. रामायणातील मंथरा कुबडी आहे. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेतील शकुनी लंगडत चालतो. मूळ महाभारतात मात्र त्याच्या लंगडेपणाचे वर्णन नाही. कपट दाखवायचे तर चाल वाकडी हवी, हा संकेत आपल्या मनात इतका रुजला आहे. 'वासरात लंगडी गाय शहाणी' असे आपण सहज बोलून जातो. गावात तर माणसाचे नाव पुसले जाते आणि व्यंग हेच त्याचे नाव होते.

या दृष्टीला धर्मशास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील २०१ वा श्लोक जन्मांध, जन्मबधिर, मुके आणि इंद्रियहीन यांना वारसाहक्क नाकारतो. त्यांच्या वाट्याला केवळ अन्नवस्त्र येते. अकराव्या अध्यायात व्यंग हे या किंवा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ठरते. पहिल्या नियमाने हक्क गेला, दुसऱ्याने सहानुभूतीही गेली. जन्मावरून माणसाला दोषी ठरवण्याची ही रीत आपल्या समाजाला अपरिचित नाही.

बदल कायद्याने घडवला. १९२८ च्या कायद्याने शारीरिक व्यंगामुळे येणारी वारसाहक्काची अपात्रता दूर केली. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याचे भाग पुढे स्वतंत्र कायदे झाले. त्यांपैकी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे २८ वे कलम सांगते की, रोग, दोष वा व्यंग यांमुळे कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरणार नाही.

आपल्या परंपरेकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. ठेंगण्या, कुरूप लकुंटक भद्दियाची भिक्खू अवहेलना करीत, तेव्हा तथागतांनी त्याची थोरवी सांगितली. कुबड असलेली दासी खुज्जुत्तरा बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्रगण्य ठरली. परंतु विनयपिटकात व्यंग असलेल्यांच्या प्रव्रज्येवर निर्बंधही आहेत, आणि अट्ठकथा खुज्जुत्तरेच्या कुबडाचे कारण पूर्वजन्मात शोधते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला. अशा सिद्धांतामुळे दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून टळते, हे त्यांनी ओळखले होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पण पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधणे सोपे, मनातील पायरी काढणे कठीण. म्हणून तीन गोष्टी करू या. व्यंगावरून हाक मारायची नाही. घरातील अपंग मुलामुलीचे शिक्षण शेवटी ठेवायचे नाही. विहारातील कार्यक्रमात त्यांना केवळ पहिल्या रांगेत बसवायचे नाही, तर व्यासपीठावर बोलू द्यायचे.

तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. हे त्याच्या वाचनात आले, तर त्याला एवढेच सांगायचे आहे: बाळा, दोष तुझ्या पायात नव्हता, माझ्या नाटकात होता.