हळदीची गोळी आणि तोंडातला पांढरा चट्टा

तीन महिन्यांपूर्वी, बाजारच्या दिवशी, पंचेचाळिशीचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. ट्रॅक्टर चालवतात. वीस वर्षांपासून तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरण्याची सवय. त्यांनी खिशातून मोबाइल काढून मला एक मजकूर दाखवला. हळदीतल्या द्रव्याने तोंडाचा कॅन्सर नाहीसा होतो, असे त्यात लिहिले होते. “डॉक्टरसाहेब, एवढ्या गोळ्या लिहून द्या,” ते म्हणाले.

मी म्हटले, “दादा, आधी तोंड उघडा.” डाव्या गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. कापसाच्या बोळ्याने पुसला तरी निघाला नाही.

वाचकहो, त्या मजकुरात सगळेच खोटे होते असे नाही. म्हणूनच आज थोडे सविस्तर लिहितो.

संशोधन काय सांगते?

तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात पुसून न निघणारा पांढरा चट्टा येतो, त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर होत नाही; पण कोणता होईल हे नुसते बघून कोणालाच सांगता येत नाही. कॅन्सरच्या आधीची ही पायरी औषधाने मागे फिरवता येईल का, हा प्रश्न कॅनडातील व्हँकुव्हरचे संशोधक डॉ. हान्स स्टिच यांनी हाती घेतला. गालाच्या आतून हलकेच खरवडून काढलेल्या पेशी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. पेशीच्या गुणसूत्रांना इजा झाली असेल तर मुख्य केंद्रकाशेजारी एक लहानसे, तुटक केंद्रक दिसते. त्यांच्या मोजणीवरून इजेचा अंदाज येतो.

गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांत बीटा-कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. स्टिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केरळमधील पान-तंबाखू खाणाऱ्या मच्छीमारांना सहा महिने दिले. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या बीटा-कॅरोटीनने शंभरातल्या सुमारे १५ जणांचे चट्टे पूर्ण गेले, त्याच्या जोडीला अ जीवनसत्त्व दिले तेव्हा सुमारे २७ जणांचे, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त ३ जणांचे. विशेष म्हणजे या काळात त्यांचे पान-तंबाखू चालूच होते. साहजिकच जगभर आशा निर्माण झाली.

पुढे काय झाले?

गोळी थांबवल्यावर काय होते, हे १९९७ साली केरळमधल्याच दुसऱ्या अभ्यासातून कळले. बीटा-कॅरोटीनने शंभरात ३३ जणांचे चट्टे गेले होते. पण औषध बंद केल्यावर त्यांतल्या निम्म्यांचे परत आले. शेतातले तण वरून कापले आणि मूळ तसेच ठेवले, तर दुसरे काय होणार?

याहून मोठा धक्का आधीच बसला होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतला असाच एक मोठा अभ्यास याच कारणाने १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावा लागला. भाजीत असलेले द्रव्य आणि तेच द्रव्य मोठ्या मात्रेत कोंबलेली गोळी यांत फरक आहे. भाजी निर्धास्त खा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी मात्र या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

आणि हळद?

हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्याचा आपल्या देशातच चांगला अभ्यास झाला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. तोंडात पांढरे चट्टे असलेल्या २२३ जणांपैकी काहींना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने दिले, काहींना औषध नसलेली गोळी. कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के लोकांना फायदा दिसला. पण नुसती गोळी घेणाऱ्यांपैकीही ५५.३ टक्के लोकांना दिसला! फरक आहे, पण लहान आहे. तुकडा काढून पेशी तपासल्या, तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही.

आता हिशेब करा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. म्हणजे ३.६ ग्रॅमसाठी रोज १२० ग्रॅम, जवळजवळ अर्धा पाव हळद पोटात जायला हवी. शिवाय ते आतड्यातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. आमटीतली हळद आमटीत राहू द्या. तिच्यावर कॅन्सरचा भार टाकू नका.

मी वनस्पतींच्या विरोधात नाही. दारातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे रक्ताच्या कॅन्सरचे औषध मिळाले. यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल मिळाले, तेही कॅन्सरवर वापरतात. पण ती शुद्ध करून, मात्रा ठरवून, वर्षानुवर्षे तपासून मगच औषधे झाली.

माझी एक चूक

हे इतक्या कळकळीने लिहिण्याचे कारण सांगतो. दवाखाना नवीन होता तेव्हा जिभेच्या कडेला फोड आलेले एक शिक्षक माझ्याकडे आले होते. मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच दिल्या. दोन महिन्यांनी मानेत गाठ लागली, तेव्हा मी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. उशीर झाला होता. गोळीने त्यांना अपाय केला नाही. तिने फक्त वेळ खाल्ला. आज हळदीची गोळी नेमके हेच काम करते आहे.

तुम्ही काय करावे?

१. महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर चूळ भरून तोंड तपासा. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा नीट पाहा.

२. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, किंवा तिखट सोसेनासे होऊन तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर थांबू नका.

३. तुकडा तपासायला घाबरू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे.

४. तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, विडी सोडा. माताभगिनींनी मिश्रीही सोडावी. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००३ सालीच हे जाहीर केले आहे.

तोंड नुसते वेळेवर तपासण्याचा उपयोग किती? केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ हजारो लोकांची तोंडे आरोग्य कार्यकर्त्यांनी पाहिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. त्यासाठी लागले काय, तर उजेड आणि दोन डोळे.

त्या ट्रॅक्टरवाल्या दादांचा तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलू लागल्या होत्या. तंबाखू एका दमात सुटली नाही; दोनदा पुन्हा सुरू झाली, दोनदा पुन्हा सोडली. आता चट्टा फिका पडला आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असे सांगितले आहे. परवा ते येऊन गेले. या वेळी मी सांगायच्या आधीच त्यांनी तोंड उघडले.