इंटरनेटचा अतिवापर : सवय की व्यसन?

"मुलाला मोबाइलचे व्यसन लागले आहे," ही तक्रार आज पालकसभेत आणि गावाच्या पारावरही ऐकू येते. व्यसन हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वैद्यकशास्त्रात मात्र त्याला निश्चित अर्थ आहे. तो ध्यानात न घेतल्यास दुहेरी हानी संभवते. निरोगी मुलावर व्यसनी असा शिक्का बसतो आणि ज्याला खरोखरच उपचारांची गरज आहे, त्याची 'वाया गेलेला' म्हणून उपेक्षा होते.

मतभेदाचे मूळ

१९९५ मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी 'इंटरनेट व्यसन' या विकाराची लक्षणे थट्टेने लिहिली. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग यांनी जुगाराच्या विकाराचे निकष लावून हा विषय गंभीरपणे मांडला. मद्य किंवा अफूप्रमाणे येथे कोणताही पदार्थ शरीरात जात नाही, मग यास व्यसन कसे म्हणावे, असा आक्षेप घेतला गेला. परंतु जुगारातही पदार्थ नसतो. तरीही अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा समावेश व्यसनांच्या वर्गात केला. इंटरनेटवरील खेळांचा विकार मात्र त्यांनी 'अधिक अभ्यासाची आवश्यकता' असलेल्या यादीत ठेवला.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढचे पाऊल टाकले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या रोगवर्गीकरणात व्हिडिओ खेळांच्या अतिरेकास 'गेमिंग विकार' म्हणून स्थान मिळाले. संगणक वा इंटरनेटच्या सर्वसाधारण अतिवापराची मात्र त्यात स्वतंत्र विकार म्हणून नोंद नाही.

निकष कोणते?

या विकाराची लक्षणे तीन : खेळण्यावर ताबा न राहणे, अन्य आवडी व दैनंदिन कर्तव्ये यांपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे अथवा वाढणे. त्यामुळे शिक्षण, कुटुंब वा व्यवसाय यांत गंभीर बाधा आलेली असावी आणि ही स्थिती सामान्यतः १२ महिने टिकलेली असावी. केवळ तास मोजून निदान होत नाही. दिवसभर संगणकावर काम करणारा लिपिक व्यसनी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अनेकदा अतिवापरामागे नैराश्य, चिंता वा एकाकीपणा दडलेला असतो. अशा वेळी मोबाइल हिसकावून घेतल्याने मूळ दुखणे तसेच राहते.

गावपातळीवर काय करता येईल?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक उपक्रम सुरू केला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजताच दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवावयाचे आणि मुलांनी अभ्यासास बसावयाचे, असे ग्रामस्थांनी ठरविले. सवयीला शिस्त लावण्याचा हा सामूहिक मार्ग अनुकरणीय आहे; कारण घरातील मोठी माणसेही तीच शिस्त पाळतात.

मात्र भोंगा हा आजारावरील उपचार नव्हे. झोप, जेवण, शाळा आणि मित्र यांपासून मूल सातत्याने दुरावत असेल, तर त्याला दूषण न देता तज्ज्ञांकडे न्यावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने अशा रुग्णांसाठी २०१४ मध्ये विशेष चिकित्सालय सुरू केले. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी सवय आणि आजार यांतील हा भेद पालकांना समजावून सांगितल्यास अनेक मुलांवरील अन्याय टळेल आणि गरजूंना वेळीच मदत मिळेल.