जगात ऊस कुठे पिकतो? आणि आपण किती गुंठे लावावा?



भात निघालं की गुंजवणी खोऱ्यात एकच विचार सुरू होतो, 'औंदा ऊस लावायचा का?' सुरू लागणीची वेळ १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. त्याआधी हा छोटा पाठ वाचा.

ऊस मूळचा न्यू गिनी बेटाकडचा. आज जगातला निम्म्याहून जास्त ऊस ब्राझील आणि भारत या दोनच देशांत पिकतो.

🌧 *ब्राझील:* साओ पावलो भागात बहुतेक ऊस पावसावरच येतो. पाऊस साधारण १,२०० ते १,५०० मिमी. आपल्या वेल्ह्याकडे तर याहून जास्त पडतो! मग आपला ऊस नुसत्या पावसावर का येत नाही? कारण तिथे पाऊस ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पडतो. कोरडे महिने थंडीचे, तेव्हा पाणी कमी लागतं. आपल्याकडे उलटं. पाऊस चार महिन्यांत संपतो आणि मार्च ते मे कडक ऊन.

🏞 *इजिप्त:* पाऊस जवळपास नाहीच. सगळा ऊस नाईल नदीच्या पाण्यावर.

म्हणजे आपला ऊस पावसाळ्यात ब्राझीलचा, उन्हाळ्यात इजिप्तचा. म्हणून क्षेत्र ठरवताना पाऊस बघू नका, *मे महिन्यातली विहीर बघा.*

💧 *हिशोब असा करा:*
१) सुरू उसाला पाटपाण्याने एकरी साधारण १ कोटी लिटर पाणी लागतं. ठिबकने ४० ते ५० टक्के वाचतं.
२) मे महिन्यात ठिबकवरही एकरी रोज २५ ते ३० हजार लिटर धरा.
३) २०० लिटरचा बॅरल मोटारीखाली धरा. एका मिनिटात भरला तर तासाला १२ हजार लिटर.
४) गेल्या मे महिन्यात विहीर रोज किती तास चालली? एकच तास चालली असेल तर १६ गुंठ्यांच्या वर जाऊ नका.

⚠️ भातखाचरात ऊस लावणार असाल तर पावसाळ्याआधी उताराकडचा बांध फोडून चर काढा. पाणी साचलं की मुळ्या कुजतात.

एकरभर वाळलेल्या उसापेक्षा १६ गुंठे जोमदार ऊस परवडतो. बेणं सांगण्याआधी बॅरल नक्की लावून बघा.